ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे पीसी मधेच बंद पडतो: दोष नेमका कुठे आहे हे कसं ठरवायचं?

पानमांडणी

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं पानमांडणीचं आणि मुखपृष्ठांचं काम आहे. दिवाळी अंकांचे दिवस असल्यामुळे पीसी सकाळी सुरू झाला की रात्रीच बंद होतो. गेले काही आठवडे तो मधेच दगा देतोय. कधी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, पण फोटोचं सॉफ्टवेअर तोवर बंद पडलेलं असतं. कधी निळा पडदा येतो आणि त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' लिहिलेलं असतं. कधी तर काहीही न सांगता सरळ रिस्टार्ट.

मशीन असेंबल केलेलं, विंडोज ११, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). कार्डाच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल.

एका दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, कार्ड गेलंय, नवीन घ्या. दुसरे म्हणतात, विंडोज पुन्हा टाकू. दोघांनीही मशीन उघडून पाहिलं नाही, कुठली नोंद वाचली नाही. कार्डावर पैसे घालायला माझी हरकत नाही, पण दोष कार्डाचा आहे, ड्रायव्हरचा की आणखी कशाचा, हे आधी कळायला हवं. ते ठरवायचं कसं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. मला वाचायला वेळ आहे, पुन्हा पुन्हा फायली गमवायला नाही.

हिशेबनीस

ड्रायव्हरच. फॉरमॅट मारा, नवा ड्रायव्हर टाका, विषय संपला.

रात्रपाळी

हिशेबनीस, इतक्या लवकर विषय संपवू नका. ताईंनी तीन लक्षणं सांगितली आहेत आणि ती एकाच रोगाची असतीलच असं नाही.

पानमांडणी ताई, टीडीआर म्हणजे काय हे आधी सांगतो, मग पुढचं सगळं सोपं जाईल. विंडोज व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर लक्ष ठेवते. कार्डाला दिलेलं एखादं काम ठरलेल्या वेळात, म्हणजे मुळात २ सेकंदांत, हातावेगळं झालं नाही किंवा बाजूला ठेवता आलं नाही, तर कार्ड अडकलं असं समजून विंडोज ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातलं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू करते. यालाच टीडीआर म्हणतात. तुमची स्क्रीन क्षणभर काळी होते तो हाच प्रकार. पूर्वी अशा वेळी अख्खा संगणक गोठायचा आणि बटण दाबून बंद करावा लागायचा. आता बहुतेक वेळा डेस्कटॉप परत येतो, पण कार्डावर अवलंबून असलेलं सॉफ्टवेअर सावरतंच असं नाही.

हे नव्याने सुरू करणंच फसलं तर निळा पडदा येतो, कोड ०एक्स११६. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा अशी वेळ आली तरी विंडोज हार मानते. म्हणजे तुमची पहिली दोन लक्षणं एकाच साखळीतली आहेत.

तिसरं मात्र वेगळं वाटतं. काही न बोलता रिस्टार्ट होणं हे टीडीआरचं लक्षण नाही. तिथे विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमखाली 'कर्नल-पॉवर ४१' शोधा आणि त्याच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याचा कोड, बघा. तो शून्य असेल तर बहुधा वीज तुटली आहे किंवा मशीन हार्डवेअरच्या पातळीवर बंद पडलं आहे. तिथे ड्रायव्हर कितीही बदला, फरक पडणार नाही.

आणि आजच एक काम करा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तिथे दिवसांनुसार आलेख दिसतो. लाल फुलीचा पहिला दिवस कोणता आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय इन्स्टॉल झालं, एवढंच बघा. माझ्या अनुभवात निम्मं उत्तर तिथेच मिळतं आणि दुरुस्तीवाले तिथेच बघत नाहीत.

फ्रेमरेट

रात्रपाळी दादा +१. ताई, स्क्रीन काळी होऊन परत आलीच नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. एक बीप होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी फाईल बचावण्याची शक्यता असते, म्हणून पॉवर बटणाकडे हात जाण्याआधी हे करून बघा.

ड्रायव्हर बदलायचाच असेल तर वरच्यावर नवा चढवू नका. जुन्याचे अवशेष राहतात. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, सेफ मोडमध्ये चालवा आणि मग नवा टाका.

रात्रपाळी

फ्रेमरेटच्या सल्ल्यात दोन गोष्टी जोडतो, कारण इथेच लोक अडकतात.

पहिली म्हणजे, सेफ मोडमध्ये जाण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ च्या अलीकडच्या मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन तुमच्या नकळत सुरू असू शकतं आणि सेफ मोडच्या वाटेवर ती की मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते. आधी फोनवर तिचा फोटो काढून ठेवा, मग पुढे जा.

दुसरी म्हणजे, नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा आणि डीडीयू चालवण्यापूर्वी इंटरनेट तोडा, केबल काढा किंवा वायफाय बंद करा. जुना ड्रायव्हर गेल्यावर विंडोज अपडेट रिकामी जागा बघून स्वतःच्या साठ्यातला ड्रायव्हर टाकायला धावतं. तुमचं आणि त्याचं इन्स्टॉलेशन एकाच वेळी चालू झालं की गोंधळ होतो. हा धोका काल्पनिक नाही. २०२३ च्या सुरुवातीला एएमडीच्या इन्स्टॉलरमधला 'फॅक्टरी रीसेट' हा पर्याय विंडोज अपडेट चालू असताना वापरला गेला तर काही मशीनवर विंडोजच उठेनाशी व्हायची, आणि कंपनीने ते मान्यही केलं होतं.

वऱ्हाडी ठेचा

हिशेबनीस भाऊ, फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याले आधी विचारा की फॉन्ट, प्लगइन, रंगांच्या प्रोफाईल परत कोण बसवणार? मांडणीवाल्याचा पीसी म्हणजे वर्षावर्षांची जमवाजमव असते. ऐन दिवाळी अंकात ते उचकटायचं नाही, बाप्पा.

हिशेबनीस

मान्य. पण मग ड्रायव्हर इतके बिघडतात का? कार्ड बनवणाऱ्या कंपन्या लहान नाहीत.

जुनाजाणता

हिशेबनीस, प्रश्न चांगला विचारलात. थोडं मागे जाऊन सांगतो.

विंडोज एनटी ३.५१ पर्यंत चित्र काढण्याचं काम कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, बाहेर चालायचं. ते सुरक्षित होतं, पण संथ. १९९६ साली एनटी ४.० मध्ये वेगासाठी हे काम कर्नलच्या आत नेलं. वेग वाढला, पण ग्राफिक्स ड्रायव्हरमधली एक चूक अख्ख्या यंत्रणेला पाडू लागली. कर्नलमध्ये सगळे एकाच स्मृतीत वावरतात, तिथे एकाने भलत्या पत्त्यावर लिहिलं की यंत्रणा स्वतःलाच थांबवते. तोच निळा पडदा. तिने न थांबता पुढे जाणं जास्त वाईट ठरेल, कारण मग तुमच्या फायलीच हळूहळू खराब होतील.

व्हिस्टाने ड्रायव्हरचे दोन भाग केले. मोठा आणि गुंतागुंतीचा भाग कर्नलबाहेर ठेवला, छोटा आत. वर सांगितलेला टीडीआर त्याच रचनेचा भाग आहे. कल्पना उत्तम होती, पण सगळ्या कंपन्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि पहिलं वर्ष फार वाईट गेलं. पुढे अमेरिकेत व्हिस्टावरून झालेल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं २००८ मध्ये उघड झाली. नोंदवलेल्या व्हिस्टा-क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते, साधारण १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, आणि एटीआय (आताची एएमडी) व इंटेल प्रत्येकी ९ टक्क्यांच्या आसपास.

ड्रायव्हर का बिघडतात याचं उत्तरही यातच आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे चिमुकला दुभाषा नव्हे. त्याच्या आत खेळांचे आणि सॉफ्टवेअरचे शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, कार्डाच्या भाषेत आणणारा अख्खा कंपायलर असतो. शिवाय तो अनेक पिढ्यांच्या कार्डांवर, हजारो खेळांसोबत आणि विंडोजच्या प्रत्येक अपडेटनंतर चालायला हवा. खेळ बाजारात येतो त्या दिवशी त्याचा ड्रायव्हर हजर हवा, ही घाई वेगळीच.

हिशेबनीस

म्हणजे मी म्हणालो तेच ना? ड्रायव्हरच.

जुनाजाणता

नाही. त्याच आकड्यांकडे उलट बाजूने बघा. इतक्या वाईट वर्षातसुद्धा ग्राफिक्सवाल्या तिन्ही कंपन्या मिळून निम्म्याच्या आतच होत्या.

फ्रेमरेट

खराब ड्रायव्हर मात्र खरोखर येतात हं, अजूनही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ मागे घेतला गेला, कारण त्यात पंख्याच्या नियंत्रणात घोळ होता आणि कार्ड तापत होती. २०२५ च्या सुरुवातीला ५७२ मालिकेच्या ड्रायव्हरांवर काळ्या स्क्रीनच्या तक्रारी जगभरातून आल्या, एप्रिलमध्ये ५७६.०२ मध्ये दुरुस्त्यांची भली लांब यादी निघाली, आणि लगेच त्या ५७६.०२ साठीही हॉटफिक्स काढावा लागला, कारण स्लीपमधून उठल्यावर तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे थिजून बसत होते. एएमडीकडेही २०१९ च्या आरएक्स ५७०० कार्डांच्या काळ्या स्क्रीन निस्तरायला फेब्रुवारी २०२० उजाडला.

म्हणून माझा नियम असा की नवा ड्रायव्हर आला की एक-दोन आठवडे इतरांना वापरू द्यायचा. ताई तर खेळत नाहीत, त्यांना पहिल्या दिवशीच्या ड्रायव्हरचा काही उपयोग नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ शाखा घ्या. २०१९ पासून ती वेगळी मिळते आणि फोटो, व्हिडिओ, डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर तपासलेली असते.

माडाखाली

मी मालवणच्या बाजूक दुरुस्तीचा काम करतंय. आमच्याकडे ड्रायव्हरपेक्षा हवा जास्त मारता. पावसाळो संपलो की कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर दिसता. मशीन चालू होता, कधी कार्ड दिसता, कधी दिसणा नाय, कधी ताण इलो की मधेच गायब. माणूस म्हणता ड्रायव्हर खराब. कार्ड काढून पट्ट्यो खोडरबरान हलक्या हातान पुसून परत बसवलंय की बऱ्याच वेळा मशीन ठीक होता.

ताईनू, सांगलीत समुद्र नाय, पण नदी आसा आणि धूळ आसा. मशीन बंद करून, वायर काढून एकदा कार्ड नि रॅम परत घट्ट बसवून बघा. खर्च काय नाय.

रात्रपाळी

माडाखाली, कार्ड काढून बसवण्याशी शंभर टक्के सहमत. खोडरबराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते सोन्याचा पातळ मुलामा थोडा थोडा खरवडतं आणि त्याचा भुसा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड जास्त चांगलं.

माडाखाली

असात तर अल्कोहोल बराच. पण सगळीकडे ता हाताशी नसता. भुसो ब्रशान झाडून मगच कार्ड लावचा, ह्या मी गिऱ्हायकाक नेहमी सांगतंय.

आणखी एक. कार्ड सेकंडहॅण्ड घेतलेला आसा काय? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या आभासी चलनाचा, कार्डांवर चालणारा मायनिंग बंद झाला तेव्हा वापरलेली कार्डां ढिगान बाजारात इली. त्यातली काही रात्रंदिवस चाललेली. पंखे नि थर्मल पेस्ट आधी तपासा.

पानमांडणी

कार्ड नवीनच घेतलं होतं, बिल आहे. कार्ड आणि रॅम काढून पुन्हा बसवली, धूळ साफ केली. तापमान बघितलं, कामात ७० अंशांच्या आसपास राहतं. तरी काल संध्याकाळी पुन्हा रिस्टार्ट झाला. रिलायबिलिटीचा आलेख आज रात्री बघून लिहिते.

पेंग्विनप्रेमी

जर्मनीतून लिहितोय, कामावर सगळं लिनक्स. ताईंना थेट उपयोग नाही, पण धागा पुढे कुणीतरी शोधत येईल म्हणून लिहून ठेवतो.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची लिनक्सवरची एक गोष्ट मला फार आवडते. बिघाड झाला की कर्नलच्या नोंदीत 'एक्सआयडी' असा क्रमांक पडतो आणि त्याची फोड कंपनीने प्रसिद्ध केलेली आहे. १३ किंवा ३१ आला तर बहुतेक वेळा चालू असलेल्या प्रोग्रामने काहीतरी भलतं मागितलेलं असतं. ७९ आला तर कार्ड बसवरूनच गळून पडलं, म्हणजे मदरबोर्डला ते दिसेनासं झालं. तिथे वीज, स्लॉट, रायझर केबल, तापमान यांच्याकडे आधी बघायचं. एका क्रमांकावरून शोधाची दिशा बदलते.

कर्नल अपडेटनंतर लॉगिनच्या जागी काळी स्क्रीन आली तर ग्रबमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूत, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहून बूट करा. साधं चित्र मिळतं आणि आतून दुरुस्ती करता येते. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हरवर सही नाही म्हणूनही तो लोड होत नाही. मग बिघाड ना ड्रायव्हरमध्ये असतो ना कार्डात.

फ्रेमरेट

हे वाचून एक उदाहरण आठवलं. 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश देत अनरिअल इंजिनवरचे खेळ बंद पडायचे, २०२३-२४ मधली गोष्ट. नावातच व्हिडिओ मेमरी, त्यामुळे लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्ड बदलून आणली. शेवटी दोष निघाला इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरांत. खेळ सुरू होताना शेडर आणि दाबून ठेवलेला डेटा प्रोसेसर उलगडतो, तिथे हिशेब चुकायचा आणि पुढे बोंब व्हिडिओ मेमरीच्या नावाने. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरच्या टिपणातच लिहिलं की या पिढ्यांच्या प्रोसेसरवर हा संदेश येत असेल तर इंटेलकडे जा. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या आणि सुट्या विकलेल्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. एकदा बिघडलेला प्रोसेसर मात्र मायक्रोकोडने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो.

वऱ्हाडी ठेचा

लाखातली गोष्ट सांगितली. निळ्या पडद्यावर ज्याचं नाव येते तो पडणारा असते, ढकलणारा दुसराच असू शकते. रॅमचा एक बिट चुकला आणि तो नेमका ड्रायव्हरच्या जागेत पडला, तर नाव ड्रायव्हरचंच येणार. म्हणून मी रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर लावल्याशिवाय कोणाले कार्ड घ्या म्हणत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायची सोय, चालू असेल तर ते बंद करून काही दिवस बघायचं. वेगाचा फरक तुमच्या कामात जाणवणारही नाही.

मुग्धा_क

मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असताना दुसरी विंडो सरकवली की स्क्रीन लुकलुकते, कधी काळी होते. निळा पडदा कधीच नाही. हाही ड्रायव्हरच का? लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत असं दाखवतं.

रात्रपाळी

मुग्धा, रागवायचं काय त्यात. तुमच्याकडे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि वेगळं कार्ड अशी जोडी आहे. स्क्रीन बहुतेक प्रोसेसरमधल्याला जोडलेली असते, त्यामुळे लोक मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर बदलत बसतात आणि दोष धाकट्याच्या ड्रायव्हरमध्ये राहतो. दोन्ही तपासा. आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचे, तुमच्याच मॉडेलसाठी दिलेले ड्रायव्हर टाका. लॅपटॉपमध्ये वीज आणि स्क्रीन यांची जुळणी कंपनीनुसार वेगळी असते.

तरी राहिलं तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करून बघा. लुकलुकणं थांबलं तर दोष त्या वाटेवर आहे हे पक्कं झालं. विंडोजमध्ये व्हिडिओचा थर वेगळा ठेवून स्क्रीनवर एकत्र करण्याची 'मल्टिप्लेन ओव्हरले' नावाची सोय आहे. ती आणि काही ड्रायव्हर यांचं पटत नाही, आणि लक्षणं तुम्ही सांगताय तशीच असतात. ती रजिस्ट्रीतून बंद करता येते, पण ते शेवटी.

मुग्धा_क

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून टाकला. सकाळपासून एकदाही लुकलुकलं नाही. मनापासून धन्यवाद! आमच्याकडे स्क्रीन काळी झाली की बाबा आधी शेजारी लाइट आहे का बघून येतात, त्यांचीही फेरी वाचली.

पानमांडणी

आलेख बघितला, आणि रात्रपाळी म्हणाले तसंच निघालं. लाल फुल्या सुरू होण्याच्या आदल्या दिवशी विंडोज अपडेटने डिस्प्लेचा ड्रायव्हर टाकल्याची नोंद आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तारीख पाहिली तर तो मी आधी टाकलेल्या ड्रायव्हरपेक्षा जुना आहे! फुल्यांखाली 'लाइव्हकर्नलइव्हेंट १४१' असं पुन्हा पुन्हा लिहिलंय, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच वेळांना ४१०१.

सगळे रिस्टार्ट मात्र वेगळ्या वेळांचे आहेत. तिथे कर्नल-पॉवर ४१, कोड शून्य. आणि ते सगळे दुपारनंतरचे आहेत.

रात्रपाळी

उत्तम काम केलंत. १४१ म्हणजे कार्डाचा एखादा विभाग वेळेत उत्तर देत नव्हता. ४१०१ म्हणजे ड्रायव्हर थांबला आणि सावरला. ड्रायव्हर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे सुरू झालं, म्हणजे आता संशयाला आधार आहे. इंटरनेट तोडून, डीडीयूने साफ करून स्टुडिओ किंवा तुमच्या कंपनीची त्याच्या तोडीची स्थिर शाखा टाका. त्यानंतर विंडोजला ड्रायव्हर परत घुसडू देऊ नका. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याचा पर्याय आहे. होम असेल तर तेच रजिस्ट्रीतून करता येतं, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

एक विनंती, एका वेळी एकच गोष्ट बदला. आज ड्रायव्हर बदलला तर रॅम, एसएमपीएस, बायोस यांना हात लावू नका. नाहीतर पीसी बरा झाला तरी कशामुळे झाला हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हिशेबनीस

मी एका ठिकाणी वाचलं की टीडीआरची मुदत २ सेकंदांवरून वाढवली की त्रास बंद होतो. ते सोपं नाही का?

जुनाजाणता

त्याचा उपयोग आहे, पण फार ठरावीक ठिकाणी. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाला दिलेलं एखादं काम खरोखरच दोन सेकंदांहून लांबतं. कार्ड अडकलेलं नसतं, राबत असतं. सबस्टन्स पेंटर तर मुदत कमी दिसली की स्वतःच सूचना देतं आणि ती वाढवायला सांगतं. तिथे मुदत वाढवणं योग्य. पानमांडणींच्या कामात एवढं मोठं ओझं नाही. त्यांचं कार्ड अडकत असेल, तर मुदत वाढवून ते अडकलेलंच राहील आणि स्क्रीन दोनऐवजी दहा सेकंद गोठेल.

वऱ्हाडी ठेचा

ताई, आता रिस्टार्टवर या. दुपारनंतरच होते म्हणता. दुपारनंतर तुमच्याकडे असं काय चालू होते जे सकाळी नसते? एसी, मोटर, लॅमिनेशनचं मशीन, झेरॉक्स? यूपीएस किती व्हीएचं आहे आणि त्यावर काय काय लावलं आहे, तेही लिहा.

पानमांडणी

यूपीएस ६०० व्हीएचं. त्यावर पीसी, दोन मॉनिटर, राउटर आणि लेसर प्रिंटर. वायरिंग करणाऱ्यांनी टेबलावरचं सगळं एकाच पट्टीवर दिलं होतं.

आणि तुमचा प्रश्न वाचून ४१ च्या वेळा पुन्हा बघितल्या. दुपारनंतर मी प्रूफ काढते. प्रिंटरच्या नोंदीशी ताडून पाहिलं, एक-दोन सोडले तर सगळे रिस्टार्ट प्रिंट दिल्याच्या मिनिटातलेच आहेत.

वऱ्हाडी ठेचा

सापडला चोर! लेसर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावायचा नाही. त्याच्या आतला फ्यूजर टोनर कागदावर पक्का करायले तापते आणि तापताना काही शे वॅट एकदम खेचते. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅट. पीसी आणि मॉनिटर त्यात आधीच बसलेले. संध्याकाळी व्होल्टेज खाली गेलं, यूपीएस बॅटरीवर गेलं आणि त्याच वेळी फ्यूजर तापला, की यूपीएसचं व्होल्टेज खचते. एसएमपीएस वीज तुटल्यावर कसाबसा १६-१७ मिलिसेकंद तग धरते, तेही नवा असताना. तुमचा तर जुना झाला. मॉनिटर टिकते, पीसी पडते, आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलायले सांगतात.

प्रिंटर सरळ भिंतीच्या वेगळ्या प्लगवर लावा. आणि इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग बघावं लागेल.

माडाखाली

ठेचानू, मानला तुमका.

पानमांडणी

मंडळी, उशिरा लिहितेय, दोन अंक छपाईला पाठवायचे होते.

आधी फक्त ड्रायव्हर बदलला. साफ केला, स्थिर शाखा टाकली, विंडोजचे ड्रायव्हर अपडेट बंद केले. त्या दिवसापासून स्क्रीन काळी होणं आणि निळा पडदा दोन्ही थांबले, पण रिस्टार्ट चालूच होता. मग प्रिंटर वेगळ्या प्लगवर नेला आणि रिस्टार्टही थांबला. रात्रपाळींचं ऐकून एका वेळी एकच बदल केला, म्हणून आज खात्रीने सांगू शकते की दोष दोन होते आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. अर्थिंगचं व्होल्टेज मोजून झालं, ते ठीक आहे. कार्ड तेच आहे आणि नव्या कार्डासाठी काढलेल्या पैशांतून मोठं यूपीएस घेते आहे.

तुम्ही सगळ्यांनी आपापला वेळ दिलात, खूप खूप आभार. निळ्या पडद्याच्या नोंदींची फाईल जपून ठेवली आहे, कुणाला शिकायला हवी असेल तर सांगा.

हिशेबनीस

अभिनंदन! आता माझंही विचारून घेतो. माझ्याकडे जीटीएक्स १०५० टीआय आहे, विंडोज १०. नवे ड्रायव्हर येणार की नाही?

जुनाजाणता

त्या पिढीसाठी ५८० ही शेवटची शाखा. नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला मिळतील असं कंपनीने जाहीर केलंय. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुम्हाला जास्त काळजी त्याची हवी. कार्ड नीट चालत असेल तर आत्ता आहे तो ड्रायव्हर बदलू नका, आणि त्याची इन्स्टॉल करायची फाईल पेनड्राइव्हवर काढून ठेवा. कंपन्यांच्या साइटवर जुन्या आवृत्त्या कायम राहत नाहीत.

फ्रेमरेट

आणि विंडोज ११ वर गेलात तर एक लक्षात असू द्या, तिथल्या नव्या आवृत्तीत निळा पडदा आता काळा झालाय. काळ्या पडद्यावर मजकूर आणि कोड असेल तर तो क्रॅश, त्याचा फोटो काढा. मजकूरच नसेल तर ती चार बटणं दाबून बघा.